भातात मीठ कधी घालायचं, हे कायद्यानं सांगावं का?



आमच्या घरी भात शिजायला ठेवतानाच त्यात मीठ पडतं. शेजारच्या घरी, जिथे मी लहानपणापासून हक्कानं जेवत आलेय, भात अळणी शिजतो आणि मीठ पानात वाढलं जातं. लहान असताना मला वाटायचं, हा नुसता हाताचा फरक आहे. काकी तशा करतात, आमची शामाय (म्हणजे आजी) अशी करते, एवढंच.

गेल्या वर्षी 'क्रिस्तपुराणा'वर टिपण काढायला बसले, तेव्हा ग्रंथालयात अ. का. प्रियोळकरांचं गोव्यातल्या इन्क्विझिशनवरचं पुस्तक हाती आलं. १९६१ साली प्रसिद्ध झालेलं. त्यात एप्रिल १७३६ मधला एक जाहीरनामा आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या गोवेकरांनी काय काय करायचं नाही, याची ती लांबलचक यादी. त्या यादीत एक कलम असं, की भात मिठाशिवाय शिजवून मग हिंदूंसारखं वरून मीठ घालायचं नाही.

मी पुस्तक मिटलं, घरी आले आणि शामायला विचारलं, ''तू मीठ आधीच का घालतेस?'' ती म्हणाली, ''म्हजी आवय तशेंच करताली.'' तिच्या आईलाही कारण कोणी सांगितलं नसणार.

आपल्या मंडळाच्या अभ्यासवर्गात यंदाचा विषय आहे, 'व्यक्तीचं वागणं आणि कायद्याची हद्द'. माणसानं काय खावं, काय नेसावं, कोणाबरोबर राहावं, काय प्यावं, यात कायद्यानं कुठपर्यंत शिरावं? या प्रश्नाचा अभ्यास मी या मिठाच्या कलमापासून सुरू करणार आहे. एक तर ते आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. दुसरं म्हणजे, ते माझ्याच चर्चच्या इतिहासातलं आहे. दुसऱ्यांच्या कायद्यांवर बोट ठेवायचं, तर आधी आपल्या घरात बघून घ्यावं, असं मला वाटतं.

जाहीरनाम्यात काय काय होतं

गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मसमीक्षण सभा, १५६० मध्ये सुरू झाली. १७७४ मध्ये ती बंद केली गेली, चार वर्षांनी पुन्हा उभी राहिली आणि १८१२ मध्ये कायमची संपली. १७३६ चा जाहीरनामा म्हणजे या सभेचं काम पावणेदोनशे वर्षं चालून झाल्यानंतरचा. हे आधी लक्षात घेऊ या. एवढ्या काळानंतरही अशी यादी काढावी लागली, याचाच अर्थ लोक ते सगळं करतच होते.

यादीतल्या काही गोष्टी बघा. लग्नात नवरा-नवरीला हळद, तेल, नारळाचा रस असलं काही लावायचं नाही. विडा-सुपारी आणि फुलं वाटायची नाहीत. मूल जन्मल्यावर सहाव्या दिवशी सटीची रात्र जागवायची नाही. एकादशी धरायची नाही. घरात, अंगणात किंवा कुळागरात तुळस लावायची नाही. पुरुषांनी पुडवें नेसायचं नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. आणि लग्नघरी ओव्या गायच्या नाहीत.

या शेवटच्या कलमाशी मी साहित्याची विद्यार्थिनी म्हणून थांबले. कारण याच गोव्यात, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! इंग्लंडमध्ये जन्मलेला हा जेझुइट सासष्टीत राहिला, इथली भाषा शिकला आणि येशूची कथा सांगायला त्यानं आपल्या संतकवींचा छंद घेतला. जुनी पुराणं हातातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकायला-वाचायला काही तरी आपलं हवं होतं, ते त्यानं त्यांच्याच भाषेत दिलं. १६४९ आणि १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला.

म्हणजे १६१६ मध्ये ओवी चर्चमध्ये वाचली जात होती आणि १७३६ मध्ये तीच ओवी लग्नघरी गायली तर अपराध. मधल्या काळात, १६८४ मध्ये, व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानं हुकूम काढला होता, की इथल्या लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. छंद तोच, माणसं तीच, धर्मही तोच. बदलली ती सत्तेची भीती. ओवीनं कोणाचं काय बिघडवलं, हे जाहीरनाम्यात सापडत नाही. ती 'त्यांच्यासारखी' होती, एवढंच तिचं पाप.

मीठ कोणी पाहिलं?

आता एक साधा प्रश्न. भातात मीठ आधी पडलं की नंतर, हे राज्याला कळणार कसं?

शिजल्यावर भात बघून ते सांगता येत नाही. चुलीपाशी जे उभं असतं, त्यालाच ते माहीत असतं. म्हणजे सून, सासू, मोलकरीण, शेजारीण. म्हणून असा कायदा अंमलात आणायचा, तर यांच्यापैकी कोणी तरी जाऊन सांगायला हवं. दुसरा मार्गच नाही. इन्क्विझिशनचं कामच मुळी या सांगण्यावर चालायचं. दुसऱ्याच्या घरी काही निषिद्ध दिसलं आणि ते कळवलं नाही, तर न सांगणाराही दोषी. कोणी सांगितलं, त्याचं नाव आरोपीला कळू देत नसत. फ्रेंच डॉक्टर शार्ल देलों १६७० च्या दशकात या सभेच्या तुरुंगात होता. सुटून गेल्यावर १६८७ मध्ये त्यानं आपली हकिगत छापली. आरोप काय ते न सांगता, तुझे अपराध तूच आठव आणि कबूल कर, असं त्याला पुन्हापुन्हा सांगितलं जात होतं.

मला इथे एक गोष्ट शिकायला मिळाली. कायदा वाईट आहे की बरा, हे त्याच्या हेतूवरून ठरवायला गेलं तर आपण वाद घालत बसतो. कारण हेतू प्रत्येक जण चांगलाच सांगतो. इन्क्विझिटरही म्हणत असणार, की आम्ही तुमचा आत्मा वाचवतोय. त्यापेक्षा असं विचारावं: हा कायदा पाळला जातोय की नाही, हे तपासायला कोणाला कुठे डोकवावं लागेल? जिथे उत्तर 'शेजारणीला स्वयंपाकघरात' असं येतं, तिथे कायद्यानं मीठ वाचवलं की नाही ते सोडा, शेजार नक्की मोडला. शंभर वर्षं एकमेकींकडे संशयानं बघणाऱ्या गावात ती सवय कायदा गेल्यावर लगेच जात नाही.

आणि एवढं करून मिळालं काय? आमच्या घरी मीठ आजही आधी पडतं. म्हणजे तो कायदा हातात मुरला, असं म्हणायला हरकत नाही. पण त्यामुळे आमच्या कुटुंबातलं कोणी अधिक श्रद्धावान झालं, असं मला तरी दिसलेलं नाही. उलट लग्नातला 'रोस' बघा. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात, ते गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतून कधी गेलंच नाही. माझ्या मावसबहिणीच्या रोसाला शामायनं आणि तिच्या वयाच्या दोघींनी ओव्या म्हटल्या. आम्ही मुली मोबाइलवर रेकॉर्ड करत होतो. कोणे एके काळी हा गुन्हा होता, हे त्या अंगणात कोणालाच माहीत नव्हतं.

पाप आणि गुन्हा

आपल्यापैकी अनेकांना वाटतं, की कायद्यानं व्यक्तीच्या वागण्यात शिरू नये, ही आधुनिक, पाश्चात्त्य, धर्म न मानणाऱ्यांची कल्पना. जॉन स्टुअर्ट मिल यानं १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरच्या निबंधात ती ठासून मांडली, हे खरं. माणसावर त्याच्या इच्छेविरुद्ध जबरदस्ती करायची, तर ती दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच. त्याचं स्वतःचं भलं व्हावं, एवढं कारण पुरेसं नाही. हे मिलचं सूत्र.

पण त्याच्या सहाशे वर्षं आधी संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिआ'मध्ये एक प्रश्न घेतलाय: माणसानं केलेल्या कायद्यानं सगळे दुर्गुण रोखावेत का? त्यांचं उत्तर आहे, नाही. त्यांचा युक्तिवाद सोपा करून सांगते. कायदा सगळ्यांसाठी असतो आणि सगळ्यांमधले बहुतेक जण काही संत नसतात. जे बहुतेकांना टाळता येतं, अशा मोठ्या वाइटालाच कायद्यानं हात घालावा. त्यातही मुख्यतः जे दुसऱ्यांना इजा करतं आणि जे रोखलं नाही तर समाजच टिकणार नाही, त्याला. खून, चोरी, असं. बाकीचं सगळं कायद्यानं सक्तीनं सुधारायला गेलं, तर माणसं ओझं फेकून देतात आणि आणखी वाईट वागतात. इथे ते शुभवर्तमानातला दाखला देतात, नवा द्राक्षारस आणि जुने बुधले. परिपूर्ण जीवनाचे नियम अपूर्ण माणसांत जबरदस्तीनं ओतले, तर बुधला फुटतो आणि रसही सांडतो.

थॉमस यांना मी उगाच आजच्या काळातलं करत नाही. पाखंडी मत सोडायला तयार नसलेल्यांच्या बाबतीत ते कठोर होते आणि इन्क्विझिशनला आधार देणारी वाक्यंही त्यांच्याच ग्रंथात आहेत. पण म्हणूनच ही बुधल्याची ओळ मला महत्त्वाची वाटते. पाप आणि गुन्हा या दोन वेगळ्या वह्या आहेत, ही समज चर्चला बाहेरून उसनी आणावी लागली नव्हती. ती घरातच होती. गोव्यात सत्ता हातात आल्यावर ती वही कपाटात ठेवली गेली, इतकंच.

ही वही पुन्हा उघडली गेल्याचं एक उदाहरण देते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा असावेत का, यावर वुल्फेंडन समिती विचार करत होती. तेव्हा कार्डिनल ग्रिफिन यांनी नेमलेल्या कॅथलिक समितीनं सांगितलं, की चर्च याला पाप मानतं, पण प्रौढांनी संमतीनं, खासगीत केलेल्या गोष्टी फौजदारी कायद्याचा विषय नव्हेत. १९५७ च्या वुल्फेंडन अहवालाचा निष्कर्षही तोच होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ चा तो भाग रद्द केला ६ सप्टेंबर २०१८ ला. त्याच महिन्यात व्यभिचाराचं कलम ४९७ ही गेलं. त्या कलमात एक गंमत होती. नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता! म्हणजे कायदा लग्नाचं पावित्र्य जपतोय असं दिसायचं, पण जपत होता नवऱ्याची मालकी. नीतीच्या नावानं केलेला कायदा हाती घेतला, की आत कोणाचा हक्क लपलाय ते उलटून बघायला हवं.

मग घराची भिंत पवित्र मानायची?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सोपं आहे मग. घराबाहेर कायदा, घरात स्वातंत्र्य. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण मराठीच्या तासाला आगरकर शिकताना ते मोडलं.

आगरकरांचा 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' हा निबंध तुम्हाला ठाऊक असेल. बायकांच्या पोशाखात बदल व्हावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी काय केलं? निबंध लिहिला. लोकांनी टर उडवली, ती सोसली. पण १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करणारा, तेव्हा त्याच आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. लोकमान्य टिळकांचा विरोध होता. परक्या सरकारनं आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, सुधारणा लोकांनी आपली आपण करावी, हे त्यांचं म्हणणं. या म्हणण्यात वजन नाही असं मी म्हणणार नाही. १७३६ चा जाहीरनामा ज्यांनी सोसला, त्यांच्या वंशजांना तर ते चटकन कळावं. पण आदल्याच वर्षी बंगालमध्ये फुलमणी दासीचा खटला गाजला होता. दहा-अकरा वर्षांची मुलगी, नवऱ्यानं केलेल्या संबंधानं मेलेली. ती मेली ती घरातच.

जाकीट आणि संमतिवय, दोन्ही 'खासगी' गोष्टी. एकीसाठी निबंध, दुसरीसाठी कायदा. आगरकरांनी केलेला हा फरक मला या सगळ्या अभ्यासाची किल्ली वाटतो. जाकीट न घातल्यानं कोणी तक्रार करत असेल, तर ती बघणाऱ्याची. संमतिवयाच्या बाबतीत तक्रार आहे ती त्या मुलीच्या देहाची, मग तिला ती मांडता येवो न येवो.

हाच फरक गोव्यातही दिसतो, तोही एकाच राजवटीत. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सो द आल्बुकेर्कनं सती बंद केली. चिता हीसुद्धा धर्माची, घराण्याची, अगदी आतली गोष्ट होती. पण तिच्यावर बाई जळत होती. पुढे दोनशे वर्षांनी त्याच सत्तेनं भाताच्या भांड्यात हात घातला, तिथे कोणीच जळत नव्हतं. आज २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा आहे. तो तर सरळ स्वयंपाकघरात येतो आणि त्यानं यायलाच हवं. कारण त्याला बोलावते ती मार खाणारी बाई.

म्हणून घर की रस्ता, हा प्रश्न मी सोडून दिलाय. माझा प्रश्न आता असा आहे: तक्रार कोणाची? जिला लागलं तिची, की ज्याला बघवत नाही त्याची? पहिलीसाठी कायद्यानं कुठल्याही उंबऱ्याच्या आत यावं. दुसऱ्यासाठी उंबऱ्याबाहेर थांबावं.

अवघड उदाहरणं

कुठलंही सूत्र सोप्या उदाहरणांवर चालतंच. दोन अवघड घेऊ या.

पहिलं हेल्मेट. इथे लागतं ते स्वतःलाच. मिलचं ऐकायचं तर कायद्यानं गप्प बसावं. पण मोटार वाहन कायद्यात हेल्मेटची सक्ती आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एक हजार रुपये दंड आहे. मला तरी यात अन्याय वाटत नाही. कारण सांगते. हेल्मेट तपासायला कोणाच्या घरात डोकवावं लागत नाही, भर रस्त्यात पोलिसाला दिसतं. शेजाऱ्यानं चुगली करायची गरज नाही. माणसाला कोणी पतित ठरवत नाही. आणि डोक्यावर काय आहे यानं मी कोण आहे, ते बदलत नाही. (ज्यांच्या बाबतीत बदलतं, त्या पगडी घालणाऱ्या शिखांना कायद्यानंच सूट दिलीये.) म्हणजे स्वतःच्या भल्यासाठी केलेला कायदाही चालू शकतो, जर तो उघड्यावर तपासता येत असेल, शिक्षा लहान असेल आणि माणसाच्या ओळखीला हात लागत नसेल.

दुसरं दारू. हे जास्त अवघड. गोव्यात दारू सहज मिळते आणि फेणीशिवाय आमच्याकडे सण होत नाही, त्यामुळे गुजरातच्या दारूबंदीला हसायची आम्हाला सवय. पण १९९२ मध्ये आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा गावच्या बायकांनी ताडी-अरकाच्या दुकानांविरुद्ध जे आंदोलन उभारलं, ते काही कोणाच्या सोवळेपणातून आलं नव्हतं. नवऱ्याची मजुरी दुकानात जात होती आणि मार घरी येत होता. तक्रार लागलेल्यांचीच होती. तिथे १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि दोन वर्षांतच ती मागे घेतली गेली.

इथे मला महाराष्ट्रातली 'उभी बाटली, आडवी बाटली' ही पद्धत शिकण्यासारखी वाटते. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायका मागणी करतात, मतदान होतं, मतपत्रिकेवर उभी आणि आडवी अशा दोन बाटल्या असतात. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं, की दुकान बंद. हा कायदा कोणाच्या पेल्यात नाक घालत नाही. तो दुकानापाशी थांबतो. आणि सुरुवात करतो ती तक्रार असणाऱ्या बायकांच्या मतानं. संपूर्ण दारूबंदीत मात्र घरी बसून, कोणाला न मारता, एक घोट घेणारा म्हातारा आणि बायकोला बडवणारा मद्यपी दोघेही सारखेच गुन्हेगार होतात. मार हा गुन्हा आहे, त्याला शिक्षा करा. ती न करता बाटलीला शिक्षा केली, की मारणारा सुटतो आणि बाटली चोरून येते.

माझ्या स्वतःच्या परीक्षेचा प्रश्न

दुसऱ्यांची उदाहरणं देणं सोपं असतं. आता जिथे मला स्वतःला अवघड जातं, ते लिहिते.

उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी कायद्यात, लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यानं नोंदणी करणं सक्तीचं केलंय. महिन्याभराहून जास्त काळ नोंदणीशिवाय राहिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. दोघांपैकी कोणी एकवीसच्या आतला असेल, तर आईवडिलांना कळवायचं. नोंदणी झाली नसल्याची माहिती कोणी दिली, तर त्यावरून नोटीस काढता येते.

माझ्या धर्माची शिकवण अशी आहे, की लग्नाशिवाय असं राहू नये. ती शिकवण मी मानते. वर्गात या विषयावर बोलणं झालं, तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, ''मग तुला तर हा कायदा आवडायला हवा!'' मी क्षणभर गप्प झाले. कारण आत कुठे तरी मला बरं वाटलं होतं, हे खरं आहे. आपल्याला जे योग्य वाटतं त्याच्या पाठीशी पोलीस उभा राहिला, की बरंच वाटतं. इन्क्विझिटरलाही तसंच वाटत असेल.

कायद्याच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, नोंदणीमुळे सोडून दिलेल्या बाईला पोटगी मागता येईल, मुलांचा हक्क राहील. हे मुद्दे खरे आहेत आणि ते लागलेल्यांचे आहेत. त्यांच्यासाठी हक्क जरूर द्यावा. पण हक्क द्यायला कैदेची धमकी लागत नाही. आणि 'कोणी माहिती दिली तर' हे शब्द वाचले, की माझ्या डोळ्यांसमोर चुलीपाशी उभी असलेली शेजारीण येते. जिना चढताना कोण कोणाच्या दारात चपला मोजतंय, हे बघणारा घरमालक येतो. मला जे पाप वाटतं, ते मी करणार नाही. मैत्रिणीनं विचारलं, तर का ते सांगेन. त्यापुढे माझ्या श्रद्धेला पोलिसाची मदत लागत असेल, तर दुबळी माझी श्रद्धा आहे, तिचं वागणं नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावते: मला न आवडणाऱ्या माणसालाही तो हक्क आहे. हे जिथे गिळायला जड जातं, तिथेच तो हक्क खरा आहे की नुसता आपल्या माणसांपुरता, ते कळतं.

एक गोष्ट मात्र विसरू नये. कायदा मागे सरला म्हणजे माणूस मोकळा झाला, असं नसतं. कायद्याऐवजी गाव, जात, समाज, कधी कधी आपला पॅरिशही तेच काम करतो. मिलला कायद्याइतकीच भीती लोकमताच्या जुलमाची होती. जातपंचायतींचा बहिष्कार इतका जाचक झाला, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. म्हणजे माणसाला त्याच्या वागण्यासाठी मोकळं ठेवायला कधी कधी कायदाच लागतो! त्यामुळे 'कायदा कमी म्हणजे स्वातंत्र्य जास्त' हे गणितही सरसकट चालत नाही. तिथेही तोच प्रश्न विचारायचा, तक्रार कोणाची?

चर्चेसाठी

पुढच्या बैठकीत या टिपणावर बोलायचंय. सगळ्यांनी खालचे प्रश्न मनात घेऊन यावं.

१. लागलेल्या माणसाला तक्रारच करता येत नसेल (मूल, घाबरलेली बाई, व्यसनी माणूस), तर त्याच्या वतीनं बोलणारा आणि चुगली करणारा यांच्यात फरक कसा ओळखायचा? माझ्या सूत्राची ही कच्ची बाजू आहे. मला अजून उत्तर पूर्ण सापडलेलं नाही.

२. उभी बाटली आणि आडवी बाटली या मतदानात हरलेल्या बाजूचं स्वातंत्र्य गेलं का?

३. तुमच्या घरात अशी एखादी रीत आहे का, जी का पाळली जाते हे कोणालाच सांगता येत नाही? घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या.

तिसऱ्याचं माझं उत्तर वर लिहिलंच आहे. शामायला मी जाहीरनाम्याचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, मग विचारलं, ''आनी आतां?'' मी म्हटलं, आता काही नाही, आता तू हवं तेव्हा मीठ घालू शकतेस. ती हसली आणि नेहमीसारखी आधणात मीठ घालून मोकळी झाली. रोसाच्या रात्रीची तिची ओवी मी टिपून ठेवली आहे. बैठकीला घेऊन येईन.